दारावर टांगलेली पाटी, अर्थात स्टुटगार्टात रुळायला किती दिवस लागतात?

खडकवासला

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण किरकोळ आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

स्टुटगार्टला येऊन अकरा महिने झाले. मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, पुण्याच्या ऑफिसातून इकडे बदली. सोबत बायको आणि साडेचार वर्षांची मुलगी. सुरुवातीचे महिने कंपनीने दिलेल्या फर्निश्ड फ्लॅटमध्ये गेले. तीन आठवड्यांपूर्वी स्वतः शोधलेल्या घरात आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, समोर एकच बिऱ्हाड. थंडी सोसली, चारचा अंधार सोसला, रविवारची बंद दुकानं सोसली, तेव्हा मला वाटत होतं की आपण रुळलो.

मागच्या सोमवारी सकाळी दार उघडतो तर बाहेरच्या मुठीला लाकडी पाटी टांगलेली. झाडूचं चित्र, खाली लिहिलंय 'केअरवोखे'. मला वाटलं कुणा पोराची मस्करी. काढली आणि कठड्यावर ठेवून ऑफिसला गेलो. (हसू नका.) शनिवारी संध्याकाळी समोरच्या आजी दारात. सत्तरीच्या पुढच्या, ताठ. हातात तीच पाटी. त्या जे बोलल्या त्यातलं मला एवढंच कळलं: जिना, आठवडा, आणि 'तुमचा'.

म्हणजे या आठवड्यात जिना झाडून-पुसून घ्यायची पाळी आमची होती आणि आम्ही ती चुकवली. मी बायकोला तणतणत म्हणालो, "मी इथे इंजिनियर म्हणून आलोय, जिना झाडायला नाही." ती म्हणाली, "घरातला तरी कधी झाडलायस?"

तर प्रश्न असा: जे बरीच वर्षं बाहेर आहेत त्यांना हे परकेपण नक्की कुठे टोचलं? थंडी-जेवण सोडून सांगा, ते सगळेच सांगतात. आणि ही पाटी टाळता येते का?

हिंगाची डबी

पाटी टाळता येत नाही. :) चौदा वर्षं याच भागात काढली आहेत, त्यामुळे सविस्तर लिहिते.

भाडेकरार काढा, त्याला जोडलेली घराची नियमावली वाचा. त्यात 'छोटी केअरवोखे' आणि 'मोठी केअरवोखे' असं असेल. छोटी म्हणजे आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना. मोठी म्हणजे तळघर, अंगण, कचऱ्याच्या डब्यांची जागा, समोरचा फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फ. बर्फाची चेष्टा करू नका. सकाळी लोक कामाला निघायच्या आत फुटपाथ मोकळा हवा. कुणी घसरून पडलं तर प्रकरण तुमच्या अंगावर येऊ शकतं.

ही प्रथा खास श्वाबियातली, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासची. दाढीवाला एबरहार्ट नावाचा इथला काउंट होता, त्याच्या काळच्या 1492 च्या शहरकायद्यात प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी असं कलम आहे. 1988 मध्ये शहराने सक्ती काढून टाकली. पण करारांमधून आणि आज्यांमधून ती तशीच चालू आहे. बर्लिन-हॅम्बुर्गचे जर्मन इथे आले की तेही तुमच्यासारखेच तणतणतात, तेव्हा हा अपमान फक्त भारतीयांसाठी राखीव आहे असं समजू नका. आणि आपल्याला तर नाव लक्षात ठेवायलाही सोपं आहे. केर + वोखे. केराचा आठवडा!

कृती: शनिवारी सकाळी करा. आधी कोरडा झाडू, मग ओलं फडकं, पायऱ्यांचे कोपरे, कठडा. आणि हे महत्त्वाचं: जरा बादलीचा आवाज होऊ द्या. केलं हे जेवढं महत्त्वाचं तेवढंच करताना दिसलं हेही. झालं की पाटी समोरच्या दारावर.

माझा किस्सा. दुसऱ्या वर्षी सासूबाई आल्या होत्या. पाळी आमची, मी जिना पुसला. पुसलेला जिना बघून त्यांना राहवेना. बरोबर आणलेली रांगोळी काढली आणि उंबऱ्यासमोर चांगली वीतभर, सात ठिपक्यांची काढून मोकळ्या. मी घामाघूम. संध्याकाळी शेजारीण वर आली, थांबली, वाकून बघितलं, बोटाने एक ठिपका चाचपला. विचारलं, "हे किती दिवस राहतं?" मी म्हटलं, पुसलं की जातं. ती 'आहा' म्हणून गेली. पुढच्या आठवड्यात तिची पाळी. तिने अख्खा मजला पुसला, रांगोळीभोवतीचा चौकोन सोडून.

तळ्यात_मळ्यात

रुमाल टाकून ठेवतो. फ्रँकफुर्टला असतो, इथे असलं काही नाही. देव आहे.

मास्तर

छान विषय. यावर अभ्यास झालेला आहे. लिसगार्ड नावाच्या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने 1955 मध्ये अमेरिकेला जाऊन आलेल्या दोनशे नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे होते, दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेलेही बरे होते, मधले सगळ्यात दुःखी. त्यावरून तो प्रसिद्ध 'यू' अक्षरासारखा आलेख आला. पुढे 1960 मध्ये ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने सांस्कृतिक धक्क्याच्या पायऱ्या मांडल्या: आधी मधुचंद्र, मग वैताग, मग सावरणं, मग रुळणं. वैतागाच्या पायरीवरची माणसं आपापल्या देशवाल्यांत बसून यजमान देशाला नावं ठेवतात, असंही त्याचं निरीक्षण आहे.

खडकवासला यांचा अकरावा महिना चालू आहे. तेव्हा सगळं शास्त्राप्रमाणे चाललं आहे.

खडकवासला

मास्तर, म्हणजे हा धागाच माझ्या रोगाचं लक्षण?

मास्तर

हलके घ्या. पण हो.

बोरकूट

म्युनिकहून. मला टोचलं ते ऑफिसात. पहिल्या महिन्यात सहकाऱ्याने विचारलं, हे शुक्रवारपर्यंत होईल का? मी म्हटलं, "हो, बघतो." आपल्याकडे 'हो, बघतो' म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने ते प्लॅनमध्ये टाकलं. शुक्रवारी दहा वाजता माझ्या टेबलाशी हजर. झालं नव्हतं. तो चिडला नाही, ओरडला नाही. फक्त म्हणाला, "मग सोमवारीच नाही का म्हणाला नाहीस?" त्याला खरंच कळत नव्हतं. मी उत्तर देऊ शकलो नाही कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार लोकांसमोर 'नाही' म्हणायचं हे मला आई-वडिलांनी, शाळेने, पुण्यातल्या सात वर्षांच्या नोकरीने, कुणीच शिकवलं नव्हतं.

उलट बाजूही आहे. मीटिंगमध्ये "हे चुकीचं आहे" असं तोंडावर सांगतात आणि पाच मिनिटांनी त्याच माणसाबरोबर हसत जेवायला जातात. मी मात्र रात्री साडेतीनपर्यंत जागा.

एका गोष्टीत आपण पुढे आहोत: 'झी' (तुम्ही) आणि 'डू' (तू). इंग्रजीवाले गोंधळतात. आपल्याला अहो-जाहो आणि अरे-तुरे आईच्या दुधातून मिळालेलं. फक्त नियम उलटा आहे. आपल्याकडे जवळीक वाढली की 'तू' आपोआप होतं, इथे त्याचा समारंभ होतो. माझ्या विभागातले एक ज्येष्ठ गृहस्थ चार वर्षं मला 'झी' म्हणत होते. एका डिसेंबरात नाताळच्या बाजारात गरम वाईनचा मग हातात घेऊन त्यांनी रीतसर स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. चार वर्षं मला ते माहीत होतं! पण त्या दिवशी ते मला *देण्यात* आलं.

अवांतर: वाढदिवसाचा केक स्वतः न्यायचा असतो. मी दिवसभर वाट बघत बसलो होतो. नंतर कळलं, तेही बघत होते.

चाफेकळी

सगळे प्रतिसाद नोकरीवाल्यांचे आहेत म्हणून लिहितेय. नवऱ्याला ऑफिस असतं, मुलांना बालवाडी असते. त्यांच्यामागून आलेल्या बायकोला काय असतं?

मी दंतवैद्य आहे. नाशिकला स्वतःचा दवाखाना होता, सहा वर्षं चालवला. नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना), त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा. कागदावर. प्रत्यक्षात दात बघायला परवाना लागतो, परवान्यासाठी आधी बी-टू पातळीची भाषा, मग वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा, आणि पदवी तुल्य ठरली नाही तर ज्ञानाची परीक्षा. तीन वर्षं झाली. मधे एका कार्यालयात माझी फाइल सात महिने एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जात होती. रोज सकाळी मुलाला सोडून भाषेच्या वर्गाला जायचं. वर्गात सीरियाचा एक फार्मासिस्ट, युक्रेनची एक अकाउंटंट आणि मी. मधल्या सुट्टीत आम्ही मोडक्या जर्मनमध्ये एकमेकांना आपण कोण होतो ते सांगायचो.

बालवाडीत मुलांना विचारलं, आई काय करते? माझा मुलगा म्हणाला, "माझी आई शाळेत जाते." बाई हसल्या, मीही हसले. घरी येऊन मात्र नाही हसले.

आता जरा गोड. मराठीमुळे एक फायदा झाला. वर्गातल्या काहींना तीन लिंगं म्हणजे काय इथपासून सुरुवात. मला ते समजवावं लागलं नाही. दात तिकडेही पुल्लिंगी, जीभ तिकडेही स्त्रीलिंगी. आनंदाने उडी मारणार तेवढ्यात तोंडाने घात केला: आपलं ते तोंड, त्यांचा तो तोंड. मुलगा अजून माझी आर्टिकल्स दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात भाषेची परीक्षा पास झाले. परीक्षेत रुग्णाचं काम करणाऱ्या बाईंनी विचारलं, "फार दुखेल का हो?" आणि मी विचार न करता जर्मनमध्ये म्हटलं, नाही, फक्त मुंगी चावल्यासारखं. नंतर लक्षात आलं, नाशिकला मी प्रत्येकाला हेच सांगायचे.

हिंगाची डबी

चाफेकळी, __/\__ आणि अभिनंदन. माझीही दोन वर्षं अशीच गेली. तेव्हा असं लिहायला कुठे जागाही नव्हती.

दर्यावर्दी

मी दुबईत, एकोणीस वर्षं. मूळ दापोली. आमच्या बाजूला घरटी एक माणूस आखातात, त्यामुळे 'परदेश' असं काही वाटायचं कारणच नव्हतं. मामा होता, मामाच्या आधी त्याचा सासरा होता.

तुमचं वाचून गंमत वाटली. आम्हाला कुणाच्या संस्कृतीशी जुळवून घ्यावंच लागलं नाही. एवढ्या वर्षांत अरबी किती शिकलो? दुआ-सलाम आणि पोलिसाला पुरेल एवढी. पण मलयाळम येते! फोरमन मलयाळी, मेसचा आचारी मलयाळी, खोलीतले चारपैकी तीन मलयाळी. मी सकाळी पुट्टू-कडला खातो आणि भाकरीची आठवण काढतो.

सुरुवातीची नऊ वर्षं एकटा. बायकोला आणायचं तर चार हजार दिरहम पगार लागतो, नाहीतर तीन हजार आणि वर कंपनीची राहायची सोय. माझा दोन हजार सहाशे होता. मुलगी झाली तेव्हा मी इथे, तिची पहिली पावलं फोनवर बघितली. 2022 पासून शुक्रवारची सुट्टी जाऊन शनिवार-रविवार झाली, तेव्हा तेवढा एक बदल अंगावर आला. कोकणात फोन करायचा वारच बदलला ना.

तुमची आजी निदान दार ठोठावते. आमच्या मजल्यावर कोण राहतं ते मला आजही माहीत नाही. दर दोन वर्षांनी व्हिसाचा शिक्का, आणि नोकरी गेली की थोडक्या मुदतीत सामान बांधायचं. मी झाडला असता बुवा जिना.

तळ्यात_मळ्यात

दर्यावर्दी, शेवटच्या ओळीला +१००.

शुद्धलेखन_प्रेमी

उच्चार 'श्टुटगार्ट' असा आहे. धाग्याच्या शीर्षकात तरी दुरुस्ती करावी.

खडकवासला

घर भाड्याने देताना मालकाने माझ्या आडनावाचे तीन वेगवेगळे उच्चार केले, एकदाही बरोबर नाही. तोवर मी स्टुटगार्टच म्हणणार.

जोतिबाचा_वायरमन

नमस्कार सर्वांना. मी कोल्हापूरचा, आयटीआय वायरमन. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्याच्याशी, कुशल कामगार पाठवायचा करार केला, ते ऐकून जर्मन शिकायला लागलो. ए-टू, म्हणजे भाषेची दुसरी पातळी, झाली. काम मिळेल न मिळेल, भाषा तर आली म्हणायचं.

दोन शंका आहेत, हसू नका. मी माळकरी आहे. तिकडं कामावर जेवणाचं कसं? आणि राहायला खोली मिळते तर तिच्यात स्वयंपाकघर नसतं म्हणतात, ते खरं का?

हिंगाची डबी

हसण्यासारखं काही नाही, दोन्ही प्रश्न अगदी मुद्द्याचे आहेत.

स्वयंपाकघर: खरं आहे. खूप घरांत फक्त नळाचे पाइप आणि वायरी भिंतीतून बाहेर आलेल्या असतात. ओटा, शेगडी, सिंक सगळं भाडेकरूने आणायचं आणि जाताना काढून न्यायचं किंवा पुढच्याला विकायचं. तुम्ही वायरमन आहात, तुम्हाला शेजारीपाजारी मान मिळेल. पण शेगडीची जोडणी परवाना असलेल्यानेच करायची असते, तेव्हा परवाना हातात येईपर्यंत दोस्तीखात्यात हात घालू नका.

जेवण: पहिल्याच दिवशी सांगून टाका, मी शाकाहारी. एकदा सांगितलं की विषय संपतो, कुणी आग्रह करत नाही. 'एक घास घ्या हो' हा प्रकारच नाही इथे. (पहिल्या वर्षी मी एका घरी उपाशी उठले. 'आणखी?' एकदाच विचारलं, मी सवयीने 'नको' म्हटलं, भांडं उचललं गेलं.) मात्र डोळ्यांवर जाऊ नका. इथलं माउलटाशेन दिसतं कडबूसारखं, आत मांस असतं. उपासाच्या काळात देवाला दिसू नये म्हणून ते पिठात लपवलं, अशी दंतकथा आहे. मसूर आणि श्पेट्झले दिसतं आमटी-शेवयांसारखं, त्यात बहुधा डुकराच्या चरबीचे तुकडे. चीझ घातलेले श्पेट्झले चालतील. तरी विचारून घ्या.

घरी काही अडत नाही. कोथिंबीर, मेथी, भेंडी तुर्की दुकानात. आणि क्वार्क नावाचं जे पांढरं डब्यात मिळतं ते फडक्यात बांधून रात्रभर ठेवा, साखर-वेलची घाला. पाडव्याला पाहुण्यांना खरं श्रीखंड आणि क्वार्कचं श्रीखंड यातला फरक ओळखायला सांगते, अजून कुणी जिंकलेलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: फोडणी केलीत की खिडकी सताड उघडा. भर हिवाळ्यातसुद्धा, दिवसातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं. याला ते 'लुफ्टन' म्हणतात आणि याबाबत ते धार्मिक आहेत. आपण ऊब जाईल म्हणून खिडक्या गच्च लावतो, आत भात-आमटीची वाफ, भिंतीला काळी बुरशी. मग घर सोडताना अनामत रकमेवरून भांडणं. अर्ध्या मराठी घरांची हीच कथा.

जोतिबाचा_वायरमन

लई उपकार ताई. खिडकीचं वहीत लिहून ठेवलं.

परत_आलो

सहा वर्षं स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगनला काढून 2022 ला पुण्यात परतलो. मास्तर, तुमचा आलेख अर्धाच आहे. परत आल्यावर दुसरा खड्डा लागतो. मी अजून सकाळी दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघडतो. आई म्हणते धूळ येते, आणि तिचं बरोबर आहे. रविवारी दुपारी वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं की हात आपोआप घड्याळाकडे जातो. सोसायटीच्या ग्रुपवर मी त्याबद्दल लिहिलं. उत्तर आलं, "आले मोठे जर्मनीवाले."

मास्तर

बरोबर. 1963 मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने तो दुसरा खड्डा जोडून 'डब्ल्यू' केला. धाग्याचं विमान आता उतरवावं का?

पेठेतला_पाहुणा

एकच विचारतो. दारावर पाटी लावून माणसाला शिस्त लावायची, कौतुक करायचं नाही, पैशाला चिकट, आणि आमच्यासारखं जगात कुणी नाही. खडकवासला, पुण्याहून गेलेल्या माणसाला यात *परकं* काय वाटलं?

हिंगाची डबी

:)) श्वाबी लोकांची म्हणच आहे, 'बोलणी बसली नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं.' शिवाय स्टुटगार्ट 1968 पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. चुकीची बहीण निवडली!

खडकवासला

सगळ्यांचे आभार. चाफेकळी, तुमचा प्रतिसाद बायकोने दोनदा वाचला आणि मग मला वाचायला लावला. ती कॉलेजात शिकवायची. गेल्या अकरा महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नाही की तुझं काय चाललंय. आता बोलणं चालू आहे, त्याबद्दल इथे नको.

बाकी अहवाल: काल शनिवार. फ्राउ समोरच्यांनी पाटी परत आमच्या दाराला लावली होती, चुकवलेल्या आठवड्याची भरपाई. साडेनऊला बादली घेऊन उतरलो, डबीताईंच्या सल्ल्याप्रमाणे जरा आपटत. मुलगी मागे छोटं फडकं घेऊन, तिला हा खेळ वाटला. तेरा पायऱ्या आणि मधला चौक. कंबर धरली.

संपतंय तोवर आजी बाहेर आल्या. काही न बोलता दोन पायऱ्या उतरल्या, चष्मा वर केला आणि कठड्याच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं. बोट बघितलं. मग मुलीकडे वळून तिला तिसऱ्या पायरीचा कोपरा दाखवला. मुलीने तो पुसला. आजी म्हणाल्या, "पास्ट." म्हणजे, जमलं.

पाटी त्यांच्या दारावर लावली. वाकडी लागली होती, त्यांनी सरळ केली.